हनुवटी टेबलाला टेकवून

'अल्ट्रामरीन्स' या सिनेमाबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधावा लागतो. 'वॉरहॅमर ४०,०००' या टेबलावर खेळायच्या युद्धखेळावर बेतलेला हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. २०१० च्या नोव्हेंबरात थेट डीव्हीडीवर आला. थिएटरात लागलाच नाही, त्यामुळे आमच्या सोलापुरात तो येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे डीव्हीडी पोहोचली ती परदेशातून आलेल्या एका नातेवाइकाच्या बॅगेतून, चॉकलेटं आणि स्वेटरांच्या मधोमध. तेव्हापासून मी तो किती वेळा पाहिलाय याचा हिशोब ठेवलेला नाही. खेळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो आवडत नाही. संथ आहे, रिकामा आहे, पैसे कमी पडल्याचं दिसतं, असं म्हणतात. यातलं काहीच खोटं नाही. तरीही हा सिनेमा मला फार जवळचा वाटतो. का वाटतो ते एकदा नीट मांडायचं होतं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी 'गेम्स वर्कशॉप' सुरू केली. १९८३ मध्ये त्यांचा 'वॉरहॅमर' आला. त्यात तलवारी, राक्षस, जादू असा सगळा मामला होता. १९८७ मध्ये रिक प्रिस्टली यांनी तेच युद्ध उचलून सन ४०,००० च्या आसपासच्या अंतराळात नेऊन ठेवलं. बुद्धिबळासारखे चौकोन इथे नसतात. टेबलच रणांगण, आणि अंतर टेपने मोजायचं. सैनिक एका वेळी सहा इंच चालतो, बंदुकीचा पल्ला चोवीस इंच. बाकीचं फासे ठरवतात. सैनिक तयार मिळत नाहीत. पेटीत प्लॅस्टिकचे सुटे हात, धडं, डोकी येतात. ती कापायची, चिकटवायची, रंगवायची. अल्ट्रामरीन्स ही यातल्याच एका फौजेचं नाव. निळ्या चिलखतातले सात-आठ फुटी योद्धे, फौजेची नेमून दिलेली संख्या एक हजार, शंभर-शंभरांच्या दहा तुकड्या.

आम्ही तिघं खेळतो. मी, माझा आतेभाऊ, आणि पूर्व भागातला एक मित्र. मित्राच्या घरचा चादरींचा छोटा कारखाना आहे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. तिथं माल तपासून घडी घालायचं मोठं टेबल आहे. सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात, टेबल मोकळं असतं. आम्ही शिकलो त्या आवृत्तीत खेळाला लागणारी जागा सहा फूट बाय चार फूट, म्हणजे ७२ बाय ४८ इंच. सोलापुरी चादर ६० बाय ९० ची. टेबलावर मापं आखून वर अंथरली की एकीकडून नऊ-नऊ इंच, दुसरीकडून सहा-सहा इंच बाहेर उरतात. खाली जुने हिशोबाचे रजिस्टर आणि सुताचे गोळे सारले की टेकड्या तयार. सूत संपलेले पुठ्ठ्याचे कोन उभे केले की मनोरे, रिकाम्या कांड्या आडव्या टाकल्या की पडक्या पाइपलाइनी. आम्ही रणांगण कधी विकत आणलं नाही, कारखान्यात ते तयारच होतं.

रंगकाम मात्र सोलापुरात अवघड. मार्च उजाडला की रंग ब्रशवरून सैनिकापर्यंत पोहोचेस्तोवर वाळतो. डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्या कागदावर रंग, असं करावं लागतं. आधी मारायचा काळा स्प्रे दुपारी मारला तर रंग हवेतच सुकतो आणि चिलखतावर खरखरीत भुकटीसारखा बसतो. म्हणून पहाटे सहाला गच्चीवर जायचं. शेजारचे काका फुलांना पाणी घालत असतात, आणि मी खोक्याच्या आडोशाला दहा माणसं उभी करून फवारत असतो. मग काळ्यावर गडद निळा, त्यावर उजळ निळा, खाचांमध्ये पातळ केलेला काळसर रंग सोडायचा. तो आपोआप सांध्यांत उतरतो आणि चिलखताला खोली देतो. शेवटी शिरस्त्राणाचे दोन डोळे. लाल रंगाचा टिपका, मोहरीच्या दाण्याहून लहान. श्वास रोखून द्यावा लागतो. तो टिपका पडला की प्लॅस्टिकचा तुकडा आपल्याकडे बघायला लागतो. एकदा तो बघायला लागला की युद्धात त्याला पुढे ढकलताना हात जरा थांबतो.

आता खेळातली ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे हा सिनेमा मला समजला. गोळी मारायची तर आपला सैनिक समोरच्याला पाहू शकतो का, हे ठरवावं लागतं. आणि ते ठरवायची रीत अशी की खाली वाकायचं. गुडघ्यावर बसायचं, हनुवटी टेबलाला टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि त्या जेमतेम सव्वा इंची माणसाच्या डोक्यामागून बघायचं. त्याला जे दिसतं तेच खरं.

उभं राहून बघताना आपण सेनापती असतो. सगळं दिसतं. त्याचे किती, आपले किती, कोण कुठे लपलाय, टेकडीमागे काय आहे. वाकलं की हे सगळं गायब. माझ्यासमोर चादरीचा पोत असतो, दोरे एकमेकांखालून-वरून गेलेले, लाल-काळ्या नक्षीची कड भिंतीसारखी उभी, तंतूंची लव धुक्यासारखी. टेकडीच्या चढापलीकडे फक्त एका शत्रूच्या खांद्याचा तुकडा. पलीकडे पन्नास आहेत हे मला उभा असताना माहीत होतं, या माणसाला ते माहीत नाही. तो एकटा आहे, त्याला खांदा दिसतोय आणि धूळ.

'अल्ट्रामरीन्स' सगळा या उंचीवरून बघितलेला आहे.

कथा साधी आहे. अल्टिमा नावाच्या मूठभर माणसांच्या छोट्या तुकडीला मिथ्रॉन या तीर्थग्रहावरून संकटाचा संदेश मिळतो. तिथं पिवळ्या चिलखतांच्या इम्पीरियल फिस्ट्स फौजेची अख्खी तुकडी, शंभर योद्धे, पहाऱ्याला आहेत. शंभर असताना मदत का मागावी लागली, हा पहिला प्रश्न. मदतीला निघालेले बहुतेक सगळे नवखे. लढाई न पाहिलेले. सोबत कॅप्टन सेव्हेरस आणि वैद्य पायथॉल हे दोघे मुरलेले. उतरल्यावर दिसते ती धूळ, खडक, आणि धुळीतली लांबच लांब चाल. काळ्या चिलखतातले शत्रू येतात ते धुळीतून, आणि किती आहेत ते कळत नाही. शेवटी मंदिर सापडतं. शंभरातले वाचलेले दोघे, धर्मगुरू कार्नाक आणि योद्धा नायडन, एक पवित्र ग्रंथ राखत बसलेले.

लोक म्हणतात, पैसे नव्हते म्हणून धूळ दाखवली. असेल. युद्धाच्या सिनेमात हजारोंची गर्दी हवी, आकाशातून बघितलेली रणधुमाळी हवी, ही अपेक्षा मला समजते. खेळाच्या पुस्तकांतली चित्रंही तशीच भरगच्च असतात. पण ती चित्रं उभ्या माणसाची आहेत. आम्ही प्रत्यक्षात टेबलावर काय मांडतो? एका बाजूला वीस-तीस सैनिक. मित्राने नव्या पेटीला हातभार लावला तर चाळीस. आमचं युद्ध नेहमीच मूठभर माणसांचं असतं, आणि बाकीचे हजारो डोंगरापलीकडे आहेत असं आपण मनाशी धरायचं असतं. या सिनेमाने तेच केलं. मूठभर माणसं घेतली, प्रत्येकाला नाव दिलं, चेहरा दिला, आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवला. शत्रू किती हे त्यांना माहीत नाही म्हणून आपल्यालाही माहीत नाही. आतेभाऊ पहिल्यांदा बघताना सारखं म्हणत होता, "वरून दाखव की बे एकदा, कळू दे किती हाईत." ती अस्वस्थता त्या तुकडीचीच होती. सिनेमाने ती त्याच्यापर्यंत पोहोचवली, यापेक्षा जास्त मी मागत नाही.

आणि आवाज. सेव्हेरसला टेरेन्स स्टॅम्प, कार्नाकला जॉन हर्ट, प्रोटियस या तरुण योद्ध्याला शॉन पर्टवी. रंगभूमीवर आणि पडद्यावर आयुष्य काढलेली माणसं. जॉन हर्ट यांच्या आवाजात एक झिजलेपण आहे, देवळाच्या पायरीच्या दगडाला असतं तसं. कार्नाक बोलायला लागला की हा माणूस खरा आहे की आतून पोखरलेला, याचा अंदाज लागत नाही. शंभरातले नेमके हे दोघेच कसे वाचले, हा संशय प्रोटियसला येतो तसा आपल्यालाही येतो. चित्रात चेहरा थोडा मेणासारखा असला तरी हर्ट यांचा आवाज तो संशय शेवटपर्यंत धरून ठेवतो. लेखक डॅन ॲबनेट. या विश्वावर त्यांनी कितीतरी कादंबऱ्या लिहिल्यात. त्यामुळे संवादांत उपरेपणा नाही. ही माणसं एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात तेव्हा ते ओठांवरचं वाटत नाही.

उणिवा मला दिसतात, आणि त्या सांगायलाच हव्यात. चालणं हलकं आहे. एवढ्या जड चिलखताचं वजन पायाखालच्या जमिनीला कळायला हवं होतं, ते कळत नाही. जहाजातले बोगदे फार मोकळे, भिंतींवर वापराच्या खुणा नाहीत. लढाईत गोळीचा आघात पोकळ वाटतो. पुढे २०१८ ते २०२० या काळात स्यामा पेडरसन या एकट्या ॲनिमेटरने 'अस्टार्टीज' नावाचे पाच छोटे भाग केले. त्यात एकेका पावलाला, एकेका गोळीला जे वजन आहे, ते पाहिल्यावर आधीचा सिनेमा फिका पडतो, हे मी मान्य करतो. 'अस्टार्टीज' कौशल्यात कितीतरी पुढे आहे. पण त्यातले योद्धे जवळजवळ बोलतच नाहीत. ते भय वाटावं इतके निष्णात आहेत, आणि त्यांना पाहून थक्क व्हायला होतं. प्रोटियसची मला काळजी वाटते. दोन्ही हवेत. एकाने दुसरा रद्द होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

काळजीवरून फाशांचा हिशोब आठवला. आम्ही जी आवृत्ती शिकलो तिच्यात एका योद्ध्याने दुसऱ्यावर गोळी झाडली की तीन फासे मधे येतात. पहिला नेम लागला का, तीन किंवा वर हवेत, म्हणजे तीनातून दोनदा लागतो. दुसरा जखम झाली का, चार किंवा वर, म्हणजे निम्म्या वेळा. तिसरा फासा मार खाणाऱ्याच्या हातात, चिलखताने वाचवलं का, तीन किंवा वर आले की वाचला, म्हणजे तीनातून एकदाच मरण. तिन्ही गुणले की नवातून एक. नऊ गोळ्यांना सरासरी एक माणूस. हा हिशोब मला पाठ आहे, आणि तरी माझा माणूस पडतो तेव्हा तो कधीच 'नवातून एक' म्हणून पडत नाही. डावीकडचा तो, ज्याच्या खांद्यावरचं चिन्ह दुसऱ्यांदा रंगवलं होतं, तो पडतो. तिसरा फासा टाकताना मित्र मूठ कपाळाला लावतो. दोन आला की कुणी काही बोलत नाही. तो आपला सैनिक स्वतःच्या हाताने उचलून खोक्यात ठेवतो. तो आपल्याच हातांनी ठेवावा असा आमच्यात अलिखित नियम आहे.

सिनेमात माणसं एकेक करून कमी होतात, तेव्हा मला तेच तीन फासे ऐकू येतात. तुकडीत शंभर असते तर एक गेल्याचं कळलंही नसतं.

एका संध्याकाळी आत्या आमच्यासोबत बसून बघत होती. आत्याने उमेदीची सगळी वर्षं कांड्या भरल्या. हात अजूनही रिकामे राहत नाहीत, समोर शेंगा सोलणं चाललं होतं. तिला इंग्रजी संवाद कळत नव्हते, आम्ही मधून मधून सांगत होतो. दोघं वाचलेले सापडतात तिथं तिने विचारलं, "बाकीचे अठ्ठ्याण्णव कुठं गेले रे?" मेले म्हटल्यावर ती म्हणाली, "मग त्यांची नावं कुणी घेतली का न्हाई?"

घेतलेली नाहीत. त्या अठ्ठ्याण्णवांना सिनेमाने पिवळा रंग दिला, नावं दिली नाहीत. माझ्या मते ही या सिनेमाची सगळ्यात मोठी उणीव आहे, चालण्यापेक्षा आणि बोगद्यांपेक्षा मोठी. ज्या कथेला मूठभरांची किंमत कळते तिने मंदिराच्या दारात एकदा तरी थांबून ती यादी वाचायला हवी होती. या विश्वाला ते परकं नाही. मेलेल्या योद्ध्याच्या शरीरातून त्याचा वारसा काढून पुढच्यात रुजवणं हे तिथल्या वैद्याचं कामच आहे. पायथॉलसारखा म्हातारा वैद्य तुकडीत असताना हे सहज जमलं असतं. त्या दिवसानंतर मी माझ्या प्रत्येक सैनिकाच्या तळाला बारीक पांढऱ्या अक्षरांत नाव लिहायला लागलो. उचलून उलटा केला तरच दिसतं. आतेभावाने आधी नाक मुरडलं, आता त्याच्याही सैनिकांच्या तळाला नावं आहेत.

सिनेमाचा खरा गाभा मात्र सेव्हेरस आहे. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी हवं तर इथे थांबावं. कॅप्टन एका दैत्याला मिठी मारून त्याच्यासकट दरीत कोसळतो. गेला, असं सगळे धरून चालतात. आणि मग तो परत येतो. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या आवाजात. तुकडीला आनंद होतो. पण आलेला सेव्हेरस नाही, त्याच्या कातड्यातला दैत्य आहे. जहाजावर पोहोचल्यावर ते उघड होतं आणि प्रोटियसला आपल्याच कॅप्टनशी लढावं लागतं.

टेबलावर ही गोष्ट घडूच शकत नाही. आमच्याकडेही दैत्याने पछाडलेले योद्धे असतात, पण ते पहिल्यापासून तसेच रंगवलेले, शिंगं फुटलेले, शत्रूच्या बाजूला मांडलेले. त्यांना मारताना कुणाचा हात अडत नाही. टेबलावर सगळं उघड असतं. कोण कुणाचा हे रंगावरून कळतं, आणि निळा म्हणजे आपला. सिनेमाने नेमका तो निळा रंगच संशयाखाली आणला. हनुवटी टेकवून बघितल्यावर शत्रूचा खांदा दिसतो, पण शेजारी उभ्या असलेल्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. प्रोटियसचं सगळं प्रशिक्षण आज्ञा पाळायचं. आज्ञा देणाराच तो राहिला नाही हे ओळखायचं शिक्षण त्याला कुणी दिलेलं नसतं. वॉरहॅमरचं विश्व आतून किती निर्दय आहे, हे नुसत्या चकचकीत चिलखतांच्या प्रेमात पडलेले पुष्कळ जण विसरतात. हा सिनेमा ते विसरत नाही. इथे निष्ठेचा पुरावा मागितला जातो तो सख्ख्या भावाकडे, आणि तो मागणाराही बरोबरच असतो.

एकच गोष्ट मला खटकते. सेव्हेरस परत येतो तेव्हा बघणाऱ्याला फार लवकर कळून चुकतं. संशय प्रोटियसला उरतो, आपल्याला उरत नाही.

म्हणून आम्ही या प्रसंगावर आमचा एक डाव तयार केला. एक जण निळा, एक जण काळा, तिसरा पंच. निळ्याचा कॅप्टन दैत्याशी हातघाईत पडला की त्याला खोक्यात ठेवायचं नाही, पंचाकडे द्यायचं. पंच दोन चिठ्ठ्यांतली एक उचलतो, बघतो आणि मुठीत ठेवतो. पांढरी म्हणजे खरा कॅप्टन, काळी म्हणजे दैत्य. तीन फेऱ्यांनंतर कॅप्टन टेबलाच्या कडेवरून परत येतो. निळ्याने त्याला आपल्यात घ्यायचं की गोळी घालायची, हे त्याने ठरवायचं. आपल्यात घेतला आणि चिठ्ठी काळी निघाली, तर तो तुकडीच्या मधोमध उभा असताना उलटतो. गोळी घातली आणि चिठ्ठी पांढरी निघाली, तर उरलेला डाव त्या तुकडीला सेनापतीशिवाय खेळावा लागतो.

पहिल्यांदा खेळलो तेव्हा निळे सैनिक मित्राचे होते, पंच मी. कॅप्टन चादरीच्या काठावर उभा केल्यावर मित्र उठलाच नाही. गुडघ्यावर बसून, हनुवटी टेबलाला लावून, आपल्या एकेका सैनिकामागून त्याच्याकडे बघत राहिला. सहाही जणांच्या मागून. स्वतःशी तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मग त्याने कॅप्टनला आत घेतलं, दोन्ही बाजूंना दोन सैनिक लावून. माझ्या मुठीत काळी चिठ्ठी होती. ती उघडायला मला वेळ लागला.

या डावावरून आमच्यात वाद आहे आणि तो मिटलेला नाही. आतेभाऊ म्हणतो दोन्ही चिठ्ठ्या काळ्याच हव्यात, सिनेमात तसंच आहे, आणि जे घडलं ते बदलायचा आपल्याला अधिकार नाही. माझं म्हणणं, एक पांढरी असल्याशिवाय निळ्याला गुडघ्यावर बसायचं कारणच उरत नाही. मित्राला तिसरंच हवंय: चिठ्ठी पंचालाही दिसू नये, गोळी सुटल्यावर किंवा कॅप्टन आत आल्यावरच ती उघडावी. बार्शी-पंढरपूरकडे किंवा सोलापुरात कुणी हा खेळ खेळत असेल, तर तिन्ही तऱ्हा करून बघा आणि कोणती चालली ते कळवा. कॅप्टन रंगवलेला मात्र असू द्या, डोळ्यांसकट. बिनरंगाच्या प्लॅस्टिकवर गोळी झाडणं फार सोपं असतं, आणि मग या डावात काही राहत नाही.